अवतरणे : साक्षीला की आडोशाला?

गेल्या जानेवारी महिन्यात आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा झाली. परीक्षक तिघे होते आणि त्यांत प्रस्तुत लेखकही होता. विषय होता : 'खेड्याकडे चला' हा संदेश आजही लागू आहे. भाग घेणारी बहुतेक मुले जिंतूर, पाथरी, पालम, सोनपेठ या बाजूच्या गावांतून आलेली. स्पर्धा आटोपली की शेवटची एस.टी. गाठून खेड्याकडेच परतणारी. त्यामुळे विषयाला काही जिवंतपणा येईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिल्या क्रमांकाच्या वक्त्याने सात मिनिटांत नऊ थोर पुरुषांची वचने ऐकविली. महात्मा गांधी झाले, विवेकानंद झाले, साने गुरुजी झाले, अमेरिकेचा लिंकनही झाला. आणि अखेरीस 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण टाळ्यांच्या गजरात येऊन गेली. टाळ्या वाजविणारे पहिल्या रांगेतील आम्ही सर्व जण त्या म्हणीप्रमाणे कनिष्ठ होतो, आणि त्यांपैकी एकालाही नोकरी सोडून उत्तमाकडे जायचे नव्हते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

त्याच स्पर्धेत मानवत तालुक्यातील एक मुलगा बोलला. त्याच्या भाषणात एकही वचन नव्हते. वडिलांच्या तीन एकरांतील कापसाचा हिशेब तेवढा त्याने मांडला. बियाणे कोणाकडून उधार आणले, फवारण्या किती झाल्या, कोणत्या आठवड्यातील पावसाने बोंडे काळी पडली, असे सगळे. "वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते, कापसाचे पैसे मागाहून येतात, आणि भाव आम्ही ठरवीत नाही," असे तो म्हणाला. शेवटी त्याने विचारले, की खेड्याकडे चला असे सांगितले आहे ते नेमके कोणाला? आम्ही तर तिथेच आहोत. मांडणी विस्कळीत होती, आवाज बसका होता. आमच्या गुणतक्त्यात 'अवतरणे व संदर्भ' असा दहा गुणांचा रकाना होता. त्या रकान्यात मी त्याच्या नावापुढे शून्य लिहिले. सहा गुणांनी त्याचा तिसरा क्रमांक हुकला. नियमाने पाहिले तर यात गैर काहीच झाले नाही. परंतु ते शून्य नेमके कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडीत नाही.

वादात थोरांचे वचन पुढे करावे ही रीत आपल्याकडे आजची नव्हे. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची जी चार प्रमाणे मानली, त्यांत प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला शब्द हेही एक प्रमाण मानले. मात्र त्यांनी तेथे एक अट घातली होती, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरलो. शब्द प्रमाण मानावयाचा तो आप्ताचा. आप्त म्हणजे केवळ थोर, पूज्य किंवा वयोवृद्ध मनुष्य नव्हे. ज्याने ती विशिष्ट वस्तू स्वतः जाणली आहे आणि जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही व्याख्या पाळावयाची, तर कापसाच्या हिशेबाच्या बाबतीत त्या सभागृहात आप्त एकच होता आणि त्याला शून्य गुण मिळाले होते. अट गळून पडली म्हणजे शब्दप्रामाण्याचे रूपांतर 'बाबावाक्यं प्रमाणम्' यात होते. मग कोण बोलला हे पाहिले जाते. कशाविषयी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी बोलला हे पाहण्याची गरज उरत नाही.

महाराष्ट्राने या रोगाची किंमत एकदा मोजली आहे. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याची संमती मिळाली. त्यापूर्वी बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीच्या आधाराने असे विवाह सशास्त्र असल्याचे प्रतिपादन केले होते, आणि विष्णुशास्त्री पंडितांनी ते विचार मराठीत आणले. १८७० साली पुण्यात या प्रश्नावर शंकराचार्यांसमक्ष रीतसर वाद झाला. दोन्ही पक्षांकडे वचने होती, दोन्ही पक्षांकडे ती लावून दाखविणारे पंडित होते. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. क्षणभर असे समजू, की तो त्यांच्या बाजूने लागला असता; तरी ज्या मुलींचे केशवपन होत होते, त्यांतील एकीलाही त्या सभेत बोलावून कोणी काही विचारले नव्हते, ही वस्तुस्थिती बदलली नसती. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात पुन्हा तोच प्रकार घडला. वय दहाचे बारा करावे एवढाच प्रश्न होता. डॉ. भांडारकरांनी एक शास्त्रार्थ लावावा, टिळकांनी त्यावर दुसरा लावावा, आणि वृत्तपत्रांचे रकाने भरून जावेत. 'सुधारक'कार आगरकरांचे म्हणणे मात्र मुळाशी जाणारे होते : मुलीच्या शरीराला होणारी इजा ठरविण्यासाठी ग्रंथ उघडण्याचे कारणच काय?

पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला. कर्वे शास्त्री नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी वचनांचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. बहिष्कार सोसला, १८९६ साली आश्रम काढला, आणि वर्गणीचा पै-पैचा हिशेब ठेवला. विधवांच्या स्थितीत जो फरक पडला, त्यात १८७० च्या सभेतील वचनांचा वाटा किती आणि या हिशेबाच्या वहीचा किती, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता स्पर्धेच्या विषयाकडे येऊ. खेड्याच्या बाजूने गांधीजींचा दाखला आणि विरुद्ध बाजूने बाबासाहेबांचा दाखला, ही आमच्या वक्तृत्व स्पर्धांतील ठरलेली कुस्ती आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याची संभावना अज्ञानाचे, संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर अशा अर्थाच्या शब्दांत केली. ते वाक्य मुलांना पाठ असते. परंतु त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती, ती कोणी सांगत नाही. खेडी म्हणजे स्वयंपूर्ण अशी छोटी प्रजासत्ताके, हे जे वर्णन आपले सुशिक्षित लोक अभिमानाने सांगत, ते मूळचे मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याचे होते. म्हणजे भारतीय खेड्याची थोरवी सांगण्यासाठी लोक ज्याची साक्ष काढीत होते, तो कंपनी सरकारचा कारभारी! बाबासाहेबांनी ते वचन नुसते खोडले नाही. ते आले कोठून, हे दाखवून दिले. उलट बाजूला गांधीजींनी ५ ऑक्टोबर १९४५ रोजी पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्रात स्वच्छ कबुली दिली होती, की आपण ज्या खेड्याविषयी बोलतो ते आज अस्तित्वात नाही, ते आपल्या कल्पनेतील आहे. एक जण होते त्या खेड्याविषयी बोलत होता. दुसरा व्हावे त्या खेड्याविषयी. दोन्ही दाखले पुरते वाचले तर कुस्ती लागतच नाही, आणि कुस्ती लागली नाही तर ढाल कोणाला द्यावयाची, ही आयोजकांची अडचण होते. घटना समितीने मात्र मध्यममार्ग काढला. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचा अनुच्छेद, आजचा चाळिसावा, स्वीकारण्यात आला आणि डॉ. आंबेडकरांनी त्याला मान्यता दिली.

आमचे अर्थशास्त्रही या बाबतीत सोवळे नाही. अॅडम स्मिथचा तो अदृश्य हात १७७६ च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात एकदाच येतो. पण व्यापारी एकत्र जमले म्हणजे भाव चढविण्याचे बेत कसे शिजतात, याविषयी त्याच ग्रंथात त्याने दिलेला इशारा बाजार समितीच्या भाषणात मी आजवर ऐकलेला नाही. दीर्घकाळात आपण सारे मेलेलोच असणार, असे केन्सने १९२३ साली लिहिले. उद्याची चिंता नको म्हणणारे लोक ते मिरवतात. वस्तुतः त्याचा रोष होता तो, वादळ ओसरले की समुद्र शांत होईल एवढेच सांगून हात झटकणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांवर, म्हणजे आमच्याच बिरादरीवर. ज्याच्यावर वचन रोखलेले असते त्यानेच ते दुसऱ्यावर रोखावे, हा प्रकार फार जुना आहे.

परंतु या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या मराठवाड्याचे आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला ठिकठिकाणी ध्वजवंदन होते आणि १९४८ च्या मुक्तीचे स्मरण केले जाते. मग भाषणात ते वाक्य येते : मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला. हे वाक्य आता वचनाच्याच योग्यतेला पोचले आहे. ते म्हणताना वक्त्याचा ऊर भरून येतो आणि ऐकणाऱ्यांचाही येतो. माझाही येत असे. त्यागाचा अभिमान कोणाला नसतो? मात्र बिनशर्त या शब्दाची एक गंमत आहे. जो देतो त्याने तो उच्चारला तर ते औदार्य ठरते. जो घेतो त्याने उच्चारला तर ती सूट ठरते. आणि व्यासपीठावर तो शब्द पुष्कळदा घेणाऱ्याच्याच तोंडी असतो.

कारण २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार अस्तित्वात आहे. त्याचाही उल्लेख भाषणांत होतो, पण नावापुरता. त्यात लिहिले आहे ते असे, की निरनिराळ्या विभागांवरील खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी. परंतु मराठवाड्याची अविकसित स्थिती लक्षात घेऊन त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष दिले जावे. येथवर वक्ते येतात. त्याच्या पुढील वाक्यात असे म्हटले आहे, की या बाबतीतील अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जावा. येथे मात्र भाषण संपलेले असते. 'विशेष लक्ष' हे शब्द कोणालाही बांधीत नाहीत. लक्ष होते असे केव्हाही म्हणता येते. 'दरवर्षी अहवाल' हे शब्द बांधतात. अहवाल ठेवला किंवा ठेवला नाही, एवढे दोनच पर्याय तेथे उरतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्येही विकास मंडळांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद आहे. तीही अशीच मागे राहते.

१९७४ साली विकासासाठी विद्यार्थी रस्त्यावर आले. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिने पहिल्यांदा आकडा सांगितला : राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यांत मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. तोवरच्या तीस वर्षांत आपल्याजवळ करारातील सुंदर शब्द होते, प्रा. दांडेकरांनी सिंचन, रस्ते, शाळा, विजेचे पंप अशी एकेक बाब घेऊन त्या शब्दांची किंमत काढली. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. ती संपली त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरलाही बिनशर्त हा शब्द आपण तितक्याच अभिमानाने ऐकला.

वचनाचा कोणता भाग वापरात टिकतो आणि कोणता गळतो, हे पाहू लागल्यावर मला सर्वत्र हेच दिसू लागले. जो भाग ऐकणाऱ्याला उन्नत करतो तो राहतो. जो भाग बोलणाऱ्याला बांधतो तो गळतो. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत जो संदेश दिला, तो मराठीत 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या रूपाने घराघरांत पोचला. मूळ इंग्रजी भाषणात क्रम शिक्षण, चळवळ व संघटना असा होता. क्रमाच्या या फरकावर अभ्यासकांत चर्चा होत असते आणि ती व्हावीही. परंतु क्रमापेक्षा महत्त्वाचे ते त्या पुढचे बोलणे. आपला लढा संपत्तीसाठी नाही, सत्तेसाठी नाही, तो स्वातंत्र्यासाठी आणि माणूसपण परत मिळविण्यासाठी आहे, असा त्याचा आशय आहे. पहिले तीन शब्द निवडणुकीच्या प्रत्येक फलकावर मावतात. सत्तेसाठी नाही, हे मात्र निवडणुकीच्या फलकावर लिहावयाचे कसे?

जोतीराव फुल्यांचे तसेच. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधील ग्रंथाच्या आरंभीची, विद्येच्या अभावापासून वित्तहानीपर्यंत पोचणारी ती साखळी शिक्षकदिनाच्या आणि स्नेहसंमेलनाच्या प्रत्येक समारंभात म्हटली जाते. ऐकणाऱ्याला वाटावे, की तो विद्येचा महिमा गाणारा ग्रंथ आहे. ग्रंथ आहे शेतसाऱ्याचा, कर्जाचा, कालव्याच्या पाण्याचा, वाहून जाणाऱ्या मातीचा आणि शेतकऱ्याच्या पैशावर पोसल्या जाणाऱ्या मोठ्या पगारांचा. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी केलेली तक्रारही हीच होती, की पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्यांच्या मुलांचे. मोठ्या पगारांचा उल्लेख निघाला की आमच्या व्यवसायातील माणसाने ते पान जपून उलटावे हे स्वाभाविक आहे. मीही अनेक वर्षे तसेच केले.

आणि आमच्या गंगाखेडची जनाबाई? स्वतःला नामदेवांची दासी म्हणविणाऱ्या या बाईचे नाव घेतल्याशिवाय जिल्ह्यातील सांस्कृतिक भाषण पुरे होत नाही. देव तिच्या जात्याला हात लावीत असे, हे सांगताना वक्ता गहिवरतो. घरी भांडी घासावयाला येणाऱ्या बाईची पगारी सुटी किती, हा प्रश्न त्याच गहिवरात निघाल्याचे मी पाहिलेले नाही. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. ज्यांच्या घरी अशा बाई येतात, त्या आपणा नोकरदारांपैकी कितींना त्या मंडळाचे नाव ठाऊक आहे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. माझ्याच एका विद्यार्थिनीने तो घेतला. ती म्हणाली, "सर, ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला वचनांची गरज नसते. आमच्याजवळ तेवढेच असते. साहेबांपुढे माझा शब्द चालत नाही, बाबासाहेबांचा चालतो." हे खोटे नाही. कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारा दुसरा कोणी नसतो, तेव्हा थोराचे वचन त्याच्या पाठीशी उभे राहते. त्यामुळे अवतरणे बंद करा, असे म्हणणारा मनुष्य बहुधा सुखवस्तू असतो. माझे म्हणणे तसे नाही. दुर्बलाने प्रबलापुढे केलेले वचन आणि प्रबलाने दुर्बलापुढे केलेले वचन, शब्द तेच असले तरी एक नव्हेत. पहिल्यात मागणी असते, दुसऱ्यात समजूत काढलेली असते. १७ सप्टेंबरच्या सभेत एखाद्या शेतमजुराने उठून करारातील 'दरवर्षी अहवाल' हे शब्द वाचून दाखविले, तर तेही अवतरणच होईल. मी त्याला दहापैकी दहा देईन.

अवतरण कसे द्यावे याचा धडाही घटना समितीतच सापडतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जेफर्सनचा आधार घेतला. कशासाठी? तर प्रत्येक पिढी हे जणू एक स्वतंत्र राष्ट्र असून मागील पिढीला पुढील पिढीचे हात बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, हे सांगण्यासाठी. मृतांनी जिवंतांना बांधू नये, याकरिता एका मृताचे वचन! त्याच भाषणात मिलचा दाखला आहे, तोही थोर माणसाच्या पायांशी आपले स्वातंत्र्य वाहू नये असे बजावणारा. आणि ज्या भागाचा आज सर्वाधिक उपयोग व्हावा, तेथे त्यांनी कोणाचाही दाखला घेतलेला नाही. राजकारणात एक व्यक्ती एक मत येईल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात एक व्यक्ती एक मूल्य असणार नाही, आणि ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त होईल, हे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगितले. या बाबतीत ते न्यायशास्त्राच्या कसोटीलाही उतरणारे आप्त होते. त्यांनी ती विसंगती जाणली होती, भोगली होती.

यंदाच्या स्पर्धेची तयारी सुरू झाली आहे आणि परीक्षकांची बैठक पुढील आठवड्यात आहे. 'अवतरणे व संदर्भ' हा रकाना काढून टाकावा असे एका सहकाऱ्याचे मत आहे. मी तो ठेवावा असे सुचविणार आहे. मात्र वक्त्याने वचन उच्चारले, की भाषणानंतर परीक्षकाने त्याला एवढेच विचारावे : हे कोणाला उद्देशून म्हटले होते, त्याच्या पुढचे वाक्य कोणते, आणि ते तुझ्या गावात कोणाला लागू होते? उत्तराला गुण द्यावेत, वचनाला देऊ नयेत. वेळ अधिक लागेल, पाहुण्यांच्या भाषणाला कात्री लावावी लागेल, अशी हरकत निघेल हे मी धरून चाललो आहे.

मानवतच्या त्या मुलाची परवा महाविद्यालयात गाठ पडली. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे, हजेरी जेमतेम. या खेपेला पुन्हा नाव दे, असे मी त्याला म्हटले. त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले, आणि वेचणी आटोपली की सांगतो, असे म्हणून तो निघून गेला.